वांक

सरळ झाडं घराला जातात,
असं माझा बा म्हणायचा, सातेरी सुतार.
वासे, खांब, तुळ्या, चौकटी.
वाकडं झाड चुलीला.
आणि अगदी मनासारखं वाकडं असलं
तर समुद्राला.

समुद्र त्यानं पाहिला नव्हता.
कणकुंबीला मलप्रभा उगवते ती पाठ फिरवूनच,
सौंदत्तीची वाट धरते;
आमच्या ओढ्यांनाही तिचीच ओढ.
पश्चिमेकडून यायचा तो फक्त वारा
आणि दिवाळी झाली की बाबल मेस्त.

शिरोड्याहून, काजूच्या ट्रकातून,
खांद्यावर वाकवलेल्या तारा.
एकेक तार नावेच्या एकेका फासळीची,
टोकाला चिंधी, चिंधीला गाठी:
तीन गाठी, तिसरा वांक.
सात गाठींची सगळ्यात हट्टी,
मोऱ्याजवळची, जिथं नाव एकदम आत वळते.

दोघं जांबोटीच्या वरच्या अंगाला हिंडायचे,
मालकीच्या रानातून.
खोडाला तार लावायची, मान हलवायची, पुढं.
मी मागून कोयता आणि भाकरी घेऊन.
बाबल म्हणायचा, "लाकूड वाकवलास तर ता रागान फुटतला.
आपसूक वाकलेला होया."
बा म्हणायचा, "गावतंय की. खरं दम धर."
एकमेकांचं निम्मं कळायचं,
निम्म्यावर काम भागायचं.

कड्याजवळ एक ऐन होता,
वाऱ्यानं लहानपणीच मान मुरगाळलेला.
सात गाठींची तार त्याला लावली
आणि तार दिसेनाशी झाली.

पासाचा कागद कानडीत.
फॉरेस्टच्या गार्डानं हातोडा मारला:
ओल्या लाकडात कानडी 'ख', खाली आकडा.
ट्रक चोर्ला घाट उतरून गेला.
बानं हात वर केला नाही.
माणूस थोडंच चाललं होतं.

मग फायबर आलं.
हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.
एका दिवाळीला बाबल आला नाही,
पुढच्याही नाही.
तारा गोठ्यात खुंटीला.
तीन गाठींची आईनं शिंक्याला वापरली,
पाचाची कोंबड्यांच्या खुराड्याला.
साताला हात लावला की बा ओरडायचा.

यंदा मार्गशीर्षात काजूचा ट्रक दारात थांबला.
ड्रायव्हरनं सुक्या बांगड्यांची पिशवी दिली
आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी,
जे उचलायला दोघं लागलो.
फोनवर बाबलचा मुलगा होता:
"नाव मोडली. बापूस जावन वरीस झाला.
सांगून ठेवलेल्यान, सातवो वांक जांबोटेक धाड."

बाला आता दिसत नाही.
त्यानं सुतळी सोडली, बोटं फिरवली,
खिळ्यांची भोकं मोजली, एक चुकली, परत मोजली.
शिक्क्यावर अंगठा थांबला.
'ख' तसाच होता;
तेवीस वर्षं पाणी त्याच्यावरनं गेलं,
त्याला बहुतेक कानडी येत नसावं.
मग बानं लाकूड चाटलं.
"खारट हाय गं," म्हणाला,
जसं काही मीच विचारलं होतं.

संध्याकाळी तो मला कड्याजवळ घेऊन गेला,
म्हणजे मी त्याला.
तिथं आता रिसॉर्टची भिंत आहे,
वारा पलीकडंच राहतो.
ऐनाच्या बुंध्याला फुटवे आलेत,
त्यातला एक मांडीएवढा.
बानं तार लावली, चाचपत, खालून वर.
तार बाजूला लोंबत राहिली.
"सरळ हाय?"
"सरळ."
तो भिंतीकडं कान करून उभा राहिला थोडा वेळ.
"मग घराला जाईल," म्हणाला,
पोर नापास झाल्यासारखं,
आणि तार परत खांद्यावर टाकली.